५७ फुटी नॅरोबोटमध्ये (कालव्यातल्या लांब, अरुंद बोटीत) कायमचं राहायचंय. स्वयंपाकघर पुढे घ्यावं की मागे?

मागे घ्या. तुम्ही दोघं इंग्लंडच्या कालव्यांवर राहायला जाताय आणि नुसता पोलादी सांगाडा बांधून घेताय, म्हणजे हे अजून तुमच्या हातात आहे. आमच्या पहिल्या बोटीत स्वयंपाकघर पुढे होतं, आताच्या बोटीत मागे, सुकाणूच्या दाराशी आहे. बोट चालवणाऱ्याच्या हातात चहाचा कप सरळ देता येतो. फोडणीचा ठसका दारातून बाहेर जातो, अंथरुणात मुरत नाही. शिवाय बॅटऱ्या इंजिनाजवळ असतात. १२ व्होल्टचा फ्रिज पार पुढे ठेवला तर लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि जाड तांब्याचा खर्च वाढतो. एकच अडचण आहे: गॅसच्या टाक्यांचा कप्पा बहुतेकदा पुढे असतो, म्हणजे गॅसची नळी बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी लागते. सांगाडा बांधणाऱ्याला तो कप्पा मागे करता येईल का, हे आजच विचारा.

मग मागून पुढे असा क्रम लावा: स्वयंपाकघर, बसायची जागा, न्हाणीघर, नाकाकडे झोपायची खोली. लाकूड-कोळशाची शेगडी साधारण मध्यावर आली की ऊब दोन्हीकडे पोचते. आमच्या पहिल्या बोटीत ती अगदी पुढच्या टोकाला होती. जानेवारीत तिथे घाम फुटायचा आणि मागे पांघरुणावर ओल यायची.

बोटीची रुंदी ६ फूट १० इंच असते, कारण जुने अरुंद लॉक (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दारांचे पाणकप्पे) जेमतेम ७ फुटांचे आहेत. आत सुमारे ६ फूटच मिळतात. ४ फुटी पलंग लांबीच्या दिशेने लावला की जायला-यायला २ फूट उरतात, तेवढे पुरतात. भिंती वर जाताना आत झुकतात, म्हणून कागदावरच्या आराखड्यावर भागवू नका. खांद्याच्या उंचीवर किती जागा राहते, ते प्रत्यक्ष मोजा.

वजनाचा विचार मात्र सगळ्यात आधी करा. पाण्याची टाकी नाकाशी असते. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन. टाकी भरली की नाक खाली जातं, रिकामी होत गेली की वर येतं. पहिल्या बोटीत शॉवरच्या तळाचं भोक नाकाच्या बाजूला होतं. टाकी निम्म्यावर आली की साबणाचं पाणी मागच्या कोपऱ्यात साचायचं आणि मी रोज ते वायपरने भोकाकडे ढकलायचे. तुम्ही भोक मागच्या बाजूला ठेवा. न्हाणीघराचा तळ कालव्याच्या पातळीखाली असल्यामुळे पाणी पंपानेच बाहेर जातं, त्या पंपापर्यंत हात पोचेल असं उघडतं झाकण ठेवा.

डावी-उजवीही अशीच तोलावी लागते. शेगडी, फ्रिज आणि कपाटं एकाच बाजूला आली तर बोट कलते. जमिनीखाली वजनासाठी फरशा किंवा विटा घालतात. सामान चढेपर्यंत दोन-तीन ठिकाणी जमीन उघडता येईल अशी ठेवा, म्हणजे त्या फरशा इकडून तिकडे सरकवता येतील. आम्ही शेवटच्या आठ फरशा पलंग बसवल्यावर हलवल्या.