वाचकांचे प्रश्न : देशी माल ओळखायचा कसा?

प्रश्न : आमच्या गटाने यंदा असा ठराव केला की घरासाठी आणि शेतीसाठी केवळ भारतात तयार झालेल्या वस्तूच घ्यायच्या. मात्र किराणा दुकानात किंवा कृषी केंद्रात गेल्यावर नेमके काय पाहावे, हेच समजत नाही. कोणी म्हणते, बारकोड ८९० ने सुरू झाला की माल देशी. कोणी आयएसआय चिन्ह पाहायला सांगते. कोणी कंपनीच्या नावावर विश्वास ठेवते. यातले खरे काय, आणि हा ठराव पाळता येण्यासारखा आहे का?
— महिला बचत गटाच्या अध्यक्षा, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आपण लिहिलेल्या तिन्ही खुणा या कामी उपयोगाच्या नाहीत. ८९० या आकड्यावरून एवढेच कळते की त्या कंपनीने बारकोड भारतातील नोंदणी संस्थेकडून घेतला आहे. वस्तू कुठे बनली, याच्याशी त्याचा संबंध नाही. आयएसआय चिन्ह दर्जाविषयी सांगते आणि भारतीय मानक ब्युरो परदेशातील कारखान्यांनाही त्याचा परवाना देतो. कंपनीच्या नावाने तर हमखास फसगत होते. ‘बाटा’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घरचीच मानली गेली, परंतु ती १८९४ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातील झ्लिन गावी सुरू झाली. ‘हिंदुस्थान युनिलिव्हर’च्या नावातच हिंदुस्थान असला तरी तिचे बहुसंख्य समभाग ब्रिटनच्या युनिलिव्हरकडे आहेत. तरीही या दोन्ही कंपन्यांचे इथे कारखाने आहेत आणि तिथे इथलेच कामगार राबतात. नफा कोणाकडे जातो आणि माल कुठे बनतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपला ठराव दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

त्यासाठी वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याला पर्याय नाही. वेष्टनबंद वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि मूळ देश छापावा लागतो. ‘उत्पादक’ या शब्दापुढे भारतातील पत्ता असेल तर माल इथे तयार झाला, असे धरता येते. नुसते ‘पॅकिंग’ किंवा ‘विपणन’ असे लिहिले असेल तर तेवढ्यावरून उत्पादन इथले ठरत नाही.

खरी अडचण याच्यापुढे आहे आणि ती आपल्या स्वयंपाकघरातच आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते : पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे तेल रशिया व युक्रेनमधून. ज्या यवतमाळ जिल्ह्यात शिवारेच्या शिवारे सोयाबीनने भरलेली असतात, तिथल्या दुकानातील सोयाबीन तेलाच्या पुड्यात अर्जेंटिनाचे तेल असावे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के असते, उरलेली ढेप कोंबडीखाद्यात आणि निर्यातीत जाते, आणि तेलाची तूट जहाजाने आलेल्या कच्च्या खाद्यतेलातून भरून काढली जाते. ते कच्चे तेल इथल्या कारखान्यात शुद्ध होत असल्यामुळे पुड्यावर भारतीय उत्पादकाचा पत्ता येतो. ठरावाचे शब्द पाळले गेले, तरी त्यामागचा हेतू मात्र राहून गेला. यावर उपाय जुनाच आहे. जवस, करडई, तीळ, भुईमूग ही आपल्याच भागातली पिके. गटाने दाणे एकत्र करून जवळच्या घाण्यावर तेल काढून घेतले, तर ते कुठले हे कोणाला विचारावे लागणार नाही आणि ढेपही जनावरांना मिळेल. हे तेल पुड्यातल्या तेलापेक्षा महाग पडते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे, नाहीतर दोन महिन्यांत गटात कुरबुर सुरू होईल.

तुरीचेही असेच आहे. मोझांबिक, टांझानिया आणि म्यानमारची तूर २०२१ पासून प्रमाणाच्या मर्यादेविना देशात येऊ लागली आणि एकदा गिरणीत तिची डाळ झाली की ती कोणत्या मातीतली, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. सुट्या डाळीवर तर वाचायलाही काही नसते. घरची तूर बाजार समितीत विकून तीच डाळ दुकानातून चढ्या भावाने आणण्याची आपली रीत या निमित्ताने बदलावी, असे मला वाटते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीसाठी मिनी दालमिल विकसित केली आहे आणि बचत गटाला ती झेपण्यासारखी आहे.

कापडाबाबत सावध राहावे. १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षाअखेरपर्यंत कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ होते, त्यामुळे देशी गिरणीचे कापड म्हणजे देशी कापूस, असे म्हणता येत नाही. खादी चिन्ह असलेले कापड मात्र भारतातच हाताने कातून, हाताने विणलेले असावे लागते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात ते मिळते. रोजच्या वापरासाठी परवडेल का, हे ज्याचे त्याने पाहावे.

खतांसाठी जीव टांगणीला लावू नका. पोटॅश सगळेच आयात होते आणि इथे बनणाऱ्या डीएपीसाठीही कच्चा माल बहुतांशी बाहेरूनच येतो. कुसुम योजनेतील सौरपंपाच्या पॅनेलमधील सेल (उन्हापासून वीज तयार करणारे तुकडे) देशी असणे बंधनकारक आहे, पण त्या सेलसाठी लागणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या प्रामुख्याने चीनमधून येतात. सरकारनेही स्वतःच्या खरेदीत ‘केवळ’ हा शब्द धरलेला नाही : मालाच्या किमतीत ५० टक्के किंवा अधिक देशी अंश असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात, २० टक्क्यांपासून पुढचा दुसऱ्या वर्गात. आपणही ठरावातून ‘केवळ’ काढून तेल, डाळ आणि कापड यांची नावे त्यात घालावीत.

प्रश्न : मुलगा दिवाळीच्या दिव्यांच्या माळा मोबाईलवरून मागवतो. तिथे मूळ देश कळतो का?
— एक वाचक, चामोर्शी तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : कळायला हवा. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार मूळ देश खरेदीपूर्वीच दाखवावा लागतो; तो वस्तूच्या सविस्तर माहितीत खाली असतो. तिथे लिहिलेला देश आणि हाती आलेल्या खोक्यावरचा देश वेगळा निघाल्यास खोके फेकू नका, दोन्हींची छायाचित्रे काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.