केनियात स्वयंसेविका म्हणून प्रशिक्षण सुरू आहे, पण मन रमत नाही. परत यावे का?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही मूळच्या नाशिकरोडच्या, शिक्षिका-स्वयंसेविका म्हणून केनियात गेला आहात, मचाकोसजवळ प्रशिक्षणाचा तिसरा आठवडा चालू आहे, यजमान कुटुंब प्रेमळ आहे, तरीही रात्री झोप मोडते, दिवसा कारणाशिवाय रडू येते आणि सोबतचे सगळे मात्र मजेत दिसतात. मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवत असे. 2013 साली एका संस्थेतर्फे केनियाला गेलो, मचाकोसलाच आठ आठवड्यांचे प्रशिक्षण घेतले आणि पुढची दोन वर्षे काकामेगाजवळच्या शाळेत काढली, म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

आधी मलेरियाच्या गोळ्यांची डबी पाहा. आठवड्यातून एकदा घ्यायची मेफ्लोक्विनची गोळी तुम्हाला दिली असेल, तर भयानक स्वप्ने, अस्वस्थता आणि उदासी हे तिचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये तिच्या वेष्टनावर सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापायला लावला. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण मलेरिया तिथे खरोखरीच होतो. पण संस्थेच्या डॉक्टरांना आजच सांगा. रोज घ्यायची डॉक्सिसायक्लिनसारखी दुसरी औषधे आहेत. मी पाच आठवडे हा आपला भित्रेपणा समजून गप्प बसलो आणि गोळी बदलल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत झोपू लागलो. रडू मात्र त्यानंतरही येत होते, तेव्हा सगळा दोष गोळीवर टाकता येणार नाही.

प्रशिक्षकांनी तुम्हाला फळ्यावर इंग्रजी यू अक्षराची रेघ काढून दाखवली असेल: सुरुवातीला उत्साह, मग खड्डा, मग पुन्हा चढ. ही कल्पना 1955 मध्ये लिस्गार्ड नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकाने मांडली, आणि तीही फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांशी बोलून. अमेरिकेतल्या विद्यापीठात जाणारा नॉर्वेजियन विद्वान आणि मचाकोसच्या अंगणात बादलीभर पाण्यात कपडे धुणारा नाशिकचा मास्तर यांना एकच रेघ लागू पडावी, हे मला तेव्हाही पटले नव्हते. माझी रेघ कसारा घाटासारखी होती, एकाच दिवसात चार वळणे. सोबतच्यांच्या हसण्यावरूनही काही ताडू नका. आमच्या तुकडीतला सर्वांत हसरा मुलगा सहाव्या आठवड्यात सामान बांधून निघून गेला.

खरे दुखणे वेगळेच होते आणि ते कळायला मला महिना लागला. नाशकात मी ‘सर’ होतो. बँकेत, भाजीबाजारात, पालकसभेत लोक माझे ऐकत. मचाकोसला घरातली आठ वर्षांची मुलगी मला जिको, म्हणजे त्यांची कोळशाची शेगडी, कशी पेटवायची ते शिकवत होती आणि माझी शेगडी विझली की पोट धरून हसत होती. मी मदत करायला आलो होतो, पण पहिले दोन महिने सर्व मदत मलाच लागत होती, आणि घेण्याची सवय नसलेल्या माणसाला ते फार लागते. म्हणून माझा सल्ला एवढाच, की या आठ आठवड्यांत उपयोगी पडण्याची धडपड सोडा आणि त्या घरचे शेंडेफळ व्हा. कामे मागून घ्या, पण शिकणाऱ्याची. आमच्या यजमान घरची बाई सुकुमा विकी या पालेभाजीची पाने तळहातावर गुंडाळून दोऱ्यासारखी बारीक चिरत असे; मला ते कधीच जमले नाही, पण न जमण्यामुळेच रोज संध्याकाळी तासभर गप्पा होत. पाहुणे आले की तिथे चपात्या होतात, मैद्याच्या, जाड आणि पदर सुटणाऱ्या. नाशकात आयुष्यभर आयती पोळी खाल्लेला मी पहिली चपाती मचाकोसला लाटली, हे आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही.

स्वाहिली भाषेची भीती तुम्ही फार घेतली आहे असे दिसते. त्यातली पुष्कळ ओझी हलकी आहेत: दुकानाला दुका, साबणाला साबुनी, साखरेला सुकारी, बातमीला हबारी, गणिताला हेसाबू. फसवतात ती नात्यांची नावे. स्वाहिलीत ‘बाबा’ म्हणजे वडीलच, पण ‘मामा’ म्हणजे आई, ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे बहीण. घरच्या बाईला ‘मामा’ अशी हाक मारताना आठवडाभर माझी जीभ अडखळत असे.

वेळेचेही तसेच. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे सात वाजले की ‘सा मोजा’, म्हणजे एक. मला एका मुख्याध्यापकांनी ‘सा तातू’ला बोलावले, तातू म्हणजे तीन हे मी आदल्याच दिवशी पाठ केले होते, म्हणून दुपारी तीनला ऐटीत पोहोचलो. ते सकाळी नऊपासून वाट पाहून निघून गेले होते. तेव्हा मी त्या पद्धतीवर चिडलो. नंतर आठवले की आपली आजी-पणजीही घटका आणि प्रहर सूर्योदयापासूनच मोजत असत, आणि विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य जवळपास ठरल्या वेळी उगवतो, तिथे तर हा हिशेब अधिकच सोयीचा.

जेवणाबद्दल थोडक्यात. तुम्ही शाकाहारी असाल तर ‘सिली न्यामा’, मी मांस खात नाही, एवढे पुरत नाही, कारण कोंबडी अनेकांच्या लेखी न्यामात मोडत नाही. कुकू आणि समाकी, म्हणजे कोंबडी आणि मासे, यांचीही नावे वेगळी घ्या. उगालीत, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्यात, भाकरीची चव शोधू नका. कचुंबरी मात्र आपलीच कोशिंबीर आहे, कांदा-टोमॅटोची.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. आपल्याला तिथे ‘मुहिंदी’ म्हणतात आणि बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, तुमचे दुकान कोणते? त्यात अपमान शोधू नका. 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे बांधायला सुमारे 32,000 भारतीय मजूर नेले गेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. जे राहिले आणि जे मागून व्यापारासाठी आले, त्यांची दुकाने गावोगावी झाली. 2017 मध्ये सरकारने या भारतीय वंशाच्या लोकांना केनियाची 44वी जमात म्हणून मान्यताही दिली. नैरोबीत एखादे गुजराती कुटुंब तुम्हाला जेवायला बोलावील, अवश्य जा, पण दर रविवारी जाऊ नका. मी सलग चार रविवार गेलो आणि दर सोमवारी पुन्हा पहिल्या दिवसासारखा परका झालो.

फोनचेही हेच. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. मी संध्याकाळी सात ते आठ नाशिकशी बोलत असे, आणि नेमक्या त्याच वेळी घर शेगडीभोवती जमत असे. पुढे मी पहाटे साडेपाचला फोन करू लागलो, म्हणजे आईचे आठ वाजलेले, चहा झालेला. संध्याकाळ मोकळी झाली.

आता परत यावे का. कोणी त्रास देत असेल, आजाराची दखल घेतली जात नसेल, किंवा ज्या कामासाठी बोलावले ते कामच जागेवर नसेल, तर विनासंकोच परत या. त्यात कमीपणा नाही. त्यांपैकी काही नसेल तर निदान नेमणुकीचे गाव पाहून येईपर्यंत थांबा. प्रशिक्षणाचे गाव म्हणजे नोकरीचे गाव नव्हे. आठ आठवडे घोकलेली माझी स्वाहिली काकामेगाच्या बाजारात चालली, घराघरांत मात्र तिथल्या लुह्या लोकांच्या बोली निघाल्या आणि मी पुन्हा पहिल्या इयत्तेत बसलो. पण तोवर त्या बाकावर बसायची सवय झाली होती.

आई पार्सलमध्ये काय पाठवू विचारते, असेही तुम्ही लिहिले आहे. स्वेटर मागवा. मचाकोस सुमारे 1,600 मीटर उंचीवर आहे आणि जून ते ऑगस्ट तिथे नाशिकच्या डिसेंबरसारखी थंडी असते. गोडा मसाला थोडाच मागवा, आणि तो स्वतःच्या वाटीतच घाला. मी घरच्या सगळ्या सुकुमा विकीत दोन चमचे घातला होता, तेव्हा शेगडी शिकवणाऱ्या त्या मुलीने ताट सरकवून मला विचारले होते, हे औषध आहे का?