पहिल्या फिलला जाण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नला पोटाचा बॅंड (वजन घटवण्यासाठी जठराच्या वरच्या भागाभोवती बसवतात ते कडं) बसवून ५ आठवडे झालेत, पुढच्या आठवड्यात पहिलं फिल आहे, म्हणजे बॅंडमध्ये सुईनं सलाईन भरून तो घट्ट करणं. सुरुवातीला वजन उतरलं, आता भूक परत लागतेय. डिसेंबरात ३ महिने पुण्याला यायचंय, तर पहिल्याच वेळी भरपूर भरून घ्यावं का?

नको. बॅंड मुद्दामच रिकामा किंवा जवळजवळ रिकामा बसवतात, कारण सूज उतरून तो जागेवर धरायला ४ ते ६ आठवडे जातात. त्या काळात वजन उतरतं ते बरंचसं सुजेमुळे आणि पातळ आहारामुळे. ते दोन्ही संपलं की भूक परत येते. ५व्या आठवड्यात तसं झालं म्हणजे बॅंड बिघडला असं नाही, तो अजून सैल आहे.

फिलच्या वेळी तुम्हाला उताणं झोपवतात. डॉक्टर बोटांनी पोर्ट (कातडीखालची, नळीनं बॅंडला जोडलेली छोटी डबी) चाचपतात आणि मान किंवा पाय जरा उचलायला सांगतात. त्यानं पोटाचा स्नायू ताठ होतो आणि पोर्ट हाताला नीट लागतो. मग ह्यूबर सुई सरळ आत जाते, सिलिकॉनच्या पडद्यातून जाऊन तळाला टेकते. साधी सुई पडद्याचा बारीक तुकडा कापून काढते आणि तिथून गळती सुरू होते. ह्यूबर सुईचं टोक पडदा नुसता फाकवतं, म्हणून तीच हवी. बॅंडमधलं आधीचं पाणी, म्हणजे सलाईन, ओढून मोजलं जात असेल तर घाई करू नका. नोंदीत ५ मिली आणि हाती आले साडेतीन, तर गळतीची शंका तिथेच येते.

एका वेळी साधारण अर्धा ते १ मिली सलाईन घालतात. पहिल्या वेळी बॅंडच्या मॉडेलप्रमाणे जास्तही असू शकतं. लॅप-बॅंड एपी स्टँडर्डमध्ये १० मिली मावतं, एपी लार्जमध्ये १४, जुन्या लहान बॅंडमध्ये तर ४च. तेव्हा 'मैत्रिणीच्या बॅंडमध्ये ७ आहे' या माहितीचा तुम्हाला काहीच उपयोग नाही.

सुई निघाली की उठून बसा आणि ग्लासभर पाणी घोट घोट प्या. छातीत अडकल्यासारखं वाटलं, उचकी लागली किंवा पाणी वर आलं तर तसं लगेच सांगा. थोडं काढून घेणं दोन मिनिटांचं काम आहे. पाणी प्यायल्याशिवाय क्लिनिकातून बाहेर पडू नका, मग पार्किंगचं मीटर किती का वाढेना. पुढे १-२ दिवस पातळ, मग मऊ, मग नेहमीचं. घट्टपणा कधी कधी दोन-तीन दिवसांनी जाणवतो. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी फिल घेणं हा वेडेपणा आहे. मधे निदान २ आठवडे ठेवा.

किती भरायचं हे वजनकाट्यापेक्षा तुमच्या उत्तरांवर ठरतं. आधीच्या ७ दिवसांचं टिपण न्या: काय खाल्लं, किती वेळात, किती तासांनी भूक लागली, काय अडकलं, रात्री आडवं झाल्यावर खोकला किंवा आंबट पाणी आलं का. अर्ध्या वाटीएवढं नीट चावून खाल्ल्यावर ३-४ तास भूक नसेल आणि काही अडकत नसेल, तर बॅंड हवा तेवढाच घट्ट आहे. ऑस्ट्रेलियात याला हिरवा पट्टा म्हणतात. त्यात असाल तर वजन हळू उतरत असलं तरी भरायचं नाही.

सगळ्यात मोठा सापळा लाल पट्ट्याचा. बॅंड फार घट्ट झाला की पोळी, चिकन, कोशिंबीर जात नाही. मग माणूस चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम, बासुंदी, गुरगुट्या भात यांवर येतो. ते सरसर खाली उतरतं, वजन वाढतं, आणि तो म्हणतो 'अजून भरा'. तिथे पाणी काढायची गरज असते. उलट्या लपवू नका. सतत उबळ आली तर जठर बॅंडखालून वर सरकू शकतं, मग गोष्ट शस्त्रक्रियेवर जाते.

आता पुणे. भारतात बॅंडपेक्षा स्लीव्ह आणि बायपास या वजन घटवायच्या दुसऱ्या शस्त्रक्रिया कितीतरी जास्त होतात, त्यामुळे अशा शस्त्रक्रियांच्या प्रत्येक (बॅरिअॅट्रिक) ओपीडीत ह्यूबर सुई असेलच असं नाही. निघण्यापूर्वी फोन करून एक जागा ठरवा. तिथे भरून घ्यायचं नाही, गरज पडली तर काढता यावं एवढ्यासाठीच. सोबत बॅंडचं कार्ड, ऑपरेशन नोट, पोर्ट कुठे आहे याची नोंद आणि तारखेवार मिलीचा तक्ता असू द्या. दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन कुणी सहज देईल, ते घेऊ नका.

खाण्यात साबुदाण्याची खिचडी आणि ताजी गरम पोळी सांभाळा, दोन्हींचा चिकट गोळा होतो. जेवताना पाणी नको. लग्नाच्या पंगतीतला आग्रह हा बॅंडचा खरा शत्रू. ताटात आधीच थोडं घ्या, म्हणजे वाद घालावा लागत नाही.

पाणी किंवा लाळही गिळता येईना, पोटात जोराचं दुखत राहिलं, तर थेट इमर्जन्सीत जा आणि आधी बॅंड पूर्ण रिकामा करायला सांगा. अनेक दिवस उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी जीवनसत्त्व बी-१ देण्याची आठवण करा. ते कमी असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो. काही महिन्यांनी पोर्टवरची कातडी लाल झाली, तर वरवरचा जंतुसंसर्ग समजून नुसतं मलम लावू नका. बॅंड जठराच्या भिंतीत रुतल्याची ती पहिली खूण असू शकते.

परतल्यानंतरच्या फिलची वेळ आत्ताच घेऊन ठेवा. पहिल्या वर्षात साधारण ४ ते ६ आठवड्यांनी तपासणी असते, त्यातल्या दोन-तीन तुमच्या चुकतील. तेवढ्यानं बिघडत नाही, वजन जरा सावकाश उतरेल इतकंच.