हात लावला की ती अंग चोरते

एका ताईंचा प्रश्न आलाय. "मॅडम, लग्नाला पंधरा वर्षं झाली, भांडण नाही, व्यसन नाही, बाहेरचं काही नाही, पण आम्ही एका घरात राहणारे दोन भाडेकरू झालोय. प्रेम संपलं का?" असं विचारणारं माझ्याकडे सारखं कोणी ना कोणी येतं, आणि दरवेळी मला भांडुपचं एक जोडपं आठवतं (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात).

तो 45 चा, ती 42 ची. वन बीएचके, हॉलमध्ये सासूबाई आणि दहावीतला मुलगा. तो सकाळी लोकल पकडायला निघाला की रात्री साडेनऊलाच घरी. पहिल्या दिवशी माझ्याकडे दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले, मध्ये तिची पर्स. तो म्हणाला, "सकाळी ही डबा भरत होती, मी मागून जाऊन नुसता खांद्यावर हात ठेवला, तर हिने असं अंग चोरलं की जसा मी कोणी परका माणूस आहे. मग मी हात लावणंच सोडून दिलं." ती पर्सची चेन उघडत मिटत राहिली, बोलली काहीच नाही.

मी दोघांना एकेकटंही भेटते, नेहमीच, कारण काही गोष्टी जोडीदारासमोर तोंडातनं निघत नाहीत आणि घरात जबरदस्ती असेल तर तीही तेव्हाच कळते. इथे तसं काही नव्हतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला दोन वर्षं झाली, दुखतं. ह्यांना सांगणार कसं? ह्यांनी खांद्यावर हात ठेवला तरी माझ्या पोटात गोळा येतो, की आता रात्री नाही कसं म्हणू."

म्हणजे बघा, तिला दुखत होतं आणि तो समजत होता की आपण नकोसे झालो. दोन वर्षं! पाळी जायच्या आधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन कमीजास्त होत होत उतरायला लागतं, त्याने योनीत कोरडेपणा येतो, संबंधाच्या वेळी दुखतं. यावर उपाय आहेत, साध्या जेलपासून डॉक्टर देतात त्या क्रीमपर्यंत. मी तिला आधी गायनॅककडे पाठवलं. त्यालाही शुगर तपासायला सांगितलं, कारण पुरुषांमध्ये डायबेटिसचा आणि काही गोळ्यांचा परिणाम संबंधाच्या वेळीही दिसतो आणि ते पण गप्प बसतात.

मग दोघांना एकत्र बसवून ते सगळं तिच्याच तोंडून त्याला सांगायला लावलं आणि म्हटलं, आता काही आठवडे संबंध पूर्ण बंद. तो बघतच राहिला, आणि ती पहिल्यांदा सोफ्याला पाठ टेकून बसली. ही पद्धत माझी नाही, मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने 1970 मध्ये ती मांडली, आजही आम्ही वापरतो. आठवड्यातनं दोनदा वीस मिनिटं, फोन बाहेर, एकाने दुसऱ्याचे हात, पाठ, केस नुसते हाताळायचे, मग उलट, आणि पुढे काहीही होणार नाही हे दोघांनाही पक्कं माहीत. प्रत्येक स्पर्श तिकडेच जाणार अशी धास्ती बसली की साधा स्पर्शही मरतो, म्हणून आधी ती धास्ती काढायची.

पण मुंबईत वीस मिनिटं आणायची कुठून? भिंतीपलीकडे सासूबाईंचा खोकला. शेवटी रविवारची संध्याकाळ सापडली, मुलगा क्लासला, सासूबाई खाली बिल्डिंगच्या बाकावर. दोनदा नाही, एकदाच, मी म्हटलं चालेल. पहिल्या रविवारी पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी तो पाच मिनिटांत घोरायला लागला, तिला राग आला. तिसऱ्या रविवारी तिला त्याच्या तळहातावर भाजल्याची जुनी खूण दिसली. "हे कधी?" तर म्हणे गणपतीत, आरतीच्या वेळी कापराने. तेव्हा फेब्रुवारी चालू होता. इतके महिने तो हात रोज तिच्यासमोर जेवत होता. मला हे सांगताना ती रडली, आणि तो तिचा हात धरून बसला होता.

पुढे दोन-तीन महिने गेले, मध्ये एकदा मोठं भांडणही झालं, किती दिवस असं म्हणून. आता संबंध कधीमधी होतात, दुखत नाही, आणि डबा भरताना तो मागे आला तर ती त्याला चमच्याने भाजी चाखायला देते.

ताई, तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं, पण प्रेम संपलं असं एवढ्यात ठरवू नका. शेवटचं एकमेकांना सहज हात कधी लावला आणि त्यानंतर काय बदललं ते आठवून बघा. उत्तर दुखण्याकडे गेलं तर गायनॅकची अपॉइंटमेंट घ्या, नुसतं पाळीबद्दल बोलून परत येऊ नका, "संबंधाच्या वेळी दुखतं" हे स्वतः सांगा, डॉक्टर विचारतीलच असं नाही.