चंद्र महिन्याला पावणेदोन अंश पुढे का पळतो? : चंद्रकला यंत्राबद्दल वाचकांचे प्रश्न

अर्धा काळा, अर्धा पांढरा गोळा, त्याखाली २८बीवायजे-४८ ही छोटी, ठरावीक पायऱ्यांनी (स्टेप) फिरणारी स्टेपर मोटर, तिला वीज पुरवणारा यूएलएन२००३ ड्रायव्हर, प्रोग्रॅम चालवायला नॅनो किंवा ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि वेळेसाठी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप. घरी चंद्रकला यंत्र, म्हणजे गोळा फिरवून आजची चंद्रकला दाखवणारं यंत्र, करणाऱ्या बहुतेकांची जुळणी एवढीच असते. आलेले प्रश्नही त्याच जुळणीचे आहेत.

प्रश्न (नाशिक) : गोळ्याच्या एका फेरीला ४०९६ हाफ-स्टेप (मोटरच्या अर्ध्या पायऱ्या) धरल्या. पहिला महिना ठीक गेला, पण सहा महिन्यांत चंद्र जवळजवळ एक दिवस पुढे गेला. घड्याळ अचूक आहे.

घड्याळाचा दोष नाहीच. मोटरच्या गिअरचं गुणोत्तर १:६४ छापलेलं असतं, पण आतले दात मोजले तर (३१×३२×२६×२२) भागिले (११×१०×९×९), म्हणजे ६३.६८ येतं. गिअरच्या आत मोटरची एक फेरी ६४ हाफ-स्टेपची, म्हणून बाहेरची खरी फेरी ४०७५.७७ हाफ-स्टेपची. तुम्ही दर फेरीला वीस स्टेप जास्त देता, म्हणजे महिन्याला सुमारे १.८ अंश. वर्षाला ते २२ अंशांवर जातं आणि चंद्र पावणेदोन दिवस पुढे दिसतो.

पण ४०९६ खोडून ४०७६ लिहिलं की झालं, असं मात्र समजू नका. खरी गोम पुढेच आहे. ‘कालच्या जागेत आजच्या १३८ स्टेप मिळवा’ असा हिशेब असेल, तर वीज गेली, बोटाचा धक्का लागला किंवा एखादी स्टेप चुकली की ती चूक कायमची पोटात राहते. दर दहा मिनिटांनी तारखेवरून जागा नव्याने काढा आणि गोळा तिथे न्या. दर अमावास्येला आणि दर वेळी वीज आल्यावर हॉल सेन्सरवर (समोर चुंबक आला की ओळखणारा सेन्सर) शून्य धरा.

यात एक खड्डा आहे. अमावास्येला जागा ४०७५ वरून एकदम ० होते आणि ‘अमुक जागी जा’ असं सांगितलेली लायब्ररी (मोटर चालवणारा तयार कोड) गोळा अख्खी फेरी उलटा फिरवते. नवी जागा आधीच्या जागेपेक्षा लहान आली, तर सेन्सर लागेपर्यंत पुढेच चालवा, तिथे शून्य धरा आणि मग उरलेल्या स्टेप द्या. या मोटरच्या गिअरमध्ये खेळ, म्हणजे दातांमधला सैलपणा, बराच असतो. तो एकाच दिशेने फिरवल्यानेच दबतो.

सेन्सर ए३१४४ असेल तर त्याला ५ व्होल्ट द्या, ३.३ वर तो भरवशाचा नाही. त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते स्वतः व्होल्टेज देत नाही, फक्त ग्राउंडला खेचतं. त्यामुळे ईएसपी३२ला जोडताना पुल-अप (वर खेचणारा रेझिस्टर) ३.३ला करा. त्याच्या छापील बाजूसमोर चुंबकाचा दक्षिण ध्रुव आला तरच तो जागा होतो. सेन्सर ‘मेलेला’ वाटला तर फेकण्याआधी चुंबक उलटा लावून बघा.

प्रश्न (कोल्हापूर) : नॅनोवर ज्युलियन दिनांकावरून (खगोलातली दिवसांची सलग मोजणी) कला काढतो. गोळा सहा तास ढिम्म असतो, मग एकदम उडी मारतो.

नॅनोवर ‘डबल’ (जास्त अचूक दशांश संख्या) लिहिलं तरी मिळतो फ्लोटच, कमी अचूक, ३२ बिटांचा. २४ लाखांच्या पुढच्या संख्येत त्याची सर्वांत बारीक पायरी ०.२५ दिवस, म्हणजे बरोबर सहा तास. ज्युलियन दिनांक सोडा आणि युनिक्स सेकंदांत (१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद) पूर्णांक वापरा. चांद्रमास २५,५१,४४३ सेकंदांचा. आताच्या सेकंदांतून आरंभ, म्हणजे एका ठरावीक अमावास्येचा क्षण, वजा करा, चांद्रमासाने भागून बाकी घ्या, ४०७६ने गुणा, पुन्हा चांद्रमासाने भागा. तो गुणाकार ३२ बिटांत मावत नाही, म्हणून ६४ बिटांचा पूर्णांक घ्या.

प्रश्न (पुणे) : कॅलेंडरात पौर्णिमा एका दिवशी, माझा गोळा पूर्ण उजळतो दुसऱ्याच वेळी. कधी मागे, कधी पुढे. कोणाचं खरं मानायचं?

कॅलेंडरचं. पण फरकाची कारणं तीन आहेत आणि ती एकात एक मिसळली की डोकं चालेनासं होतं.

पहिलं, वेळेचा पट्टा. आरंभ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) आणि घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलं असेल, तर साडेपाच तास म्हणजे २.८ अंश कायमचे चुकतात. संगणकावरून घड्याळ लावताना हे हमखास होतं.

दुसरं, आरंभाचा क्षण. ६ जानेवारी २००० ची अमावास्या १८:१४ यूटीसीला झाली आणि बहुतेक जण तोच आरंभ धरतात. पण तो खऱ्या अमावास्येचा क्षण आहे. सरासरी चांद्रमासाने मोजायचं तर सरासरी अमावास्या हवी, आणि ती त्याच दिवशी १४:२० ला येते. युनिक्स सेकंदांत ९४७१६८४००. एवढं बदललं तरी चार तासांची ओढ जाते.

तिसरं, चंद्र सरासरीने चालतच नाही. लंबवर्तुळाकार कक्षेमुळे खरी अमावास्या किंवा पौर्णिमा सरासरीच्या १४ तासांपर्यंत मागेपुढे होते. त्यासाठी १ जानेवारी २००० च्या १२:०० यूटीसीपासूनचे दिवस (द) घ्या. ते काढताना आधी युनिक्स सेकंदांतून ९४६७२८००० पूर्णांकात वजा करा, मग ८६४०० ने भागा. आता तीन कोन, अंशांत :

क = २९७.८५० + १२.१९०७४९ × द
च = १३४.९६३ + १३.०६४९९३ × द
र = ३५७.५२९ + ०.९८५६०० × द

सूर्य आणि चंद्र यांच्यातलं आकाशातलं खरं अंतर (अंशांत) = क + ६.२८९ ज्या(च) − २.१०० ज्या(र) + १.२७४ ज्या(२क − च) + ०.६५८ ज्या(२क). ज्या म्हणजे साइन. प्रोग्रॅममध्ये आधी कोन रेडियनमध्ये बदला. बेरीज ३६० च्या आत आणा, ४०७५.७७ ने गुणा आणि ३६० ने भागा की मोटरची जागा मिळाली. चूक अर्ध्या अंशाच्या आसपास, म्हणजे तासाभराची उरते.

आणि हेच अंतर १२ने भागलं की तिथी! पूर्णांकात एक मिळवा : १ ही शुक्ल प्रतिपदा, १५ पौर्णिमा, ३० अमावास्या. मात्र कॅलेंडरात दिवसाला तिथी लिहितात ती सूर्योदयाची, आणि १८० अंश भरतात ते पौर्णिमा संपताना. म्हणून कॅलेंडरात सकाळपासून पौर्णिमा आणि गोळा जरा अपुरा, हे बरोबरच आहे. तसंही पौर्णिमा लागते तेव्हा, १६८ अंशांवर, चंद्र ९९ टक्के उजळलेला असतो.

प्रश्न (रत्नागिरी) : थ्रीडी प्रिंटरवर विवरांसकट चंद्र केला. तो फिरतो तेव्हा त्याची पाठही समोर येते. विचित्र दिसतं.

दिसणारच, कारण खरा चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो. चंद्र स्थिर ठेवा आणि त्याभोवती काळी अर्धी वाटी फिरवा. ८० मिलिमीटरच्या गोळ्याला वाटीचा आतला व्यास ८४ ठेवा. विवरांचे उंचवटे घासता कामा नयेत. गोळा वरून दांडीला टांगा, पाठीमागून आधार देऊ नका, नाहीतर पौर्णिमेला वाटी मागे येताना त्याच आधारावर आपटेल. वाटी खालून थेट मोटरच्या दांड्यावर बसवा. दांडा ५ मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंनी तासून ३ चा केलेला असतो. भोक ५.२ आणि ३.२ ठेवा. मागचा फळा मॅट काळा रंगवा, म्हणजे वाटीची कड त्यात मिसळून जाते.

प्रश्न (सोलापूर) : मोटर गुणगुणते, पण हलत नाही. शिवाय गरम होते.

पिनांचा क्रम चुकलाय. लायब्ररीला इन१, इन३, इन२, इन४ असा क्रम द्या. गरम होते, कारण थांबल्यावरही कॉइलमध्ये करंट चालू राहतो. दर हालचालीनंतर चारही पिना बंद करा, एवढी हलकी वाटी गिअरच धरून ठेवतो. प्रिंटरचं पीएलए प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा हे टाळू नका. मोटरची वीज नॅनोच्या पिनेवरून न घेता ५ व्होल्ट, १ अँपिअरच्या अडॅप्टरवरून थेट ड्रायव्हरला द्या आणि ग्राउंड मात्र एकत्र जोडा.

डीएस३२३१ च्या निळ्या मॉड्यूलमध्ये साधा सीआर२०३२ सेल घातला असेल तर तेही तपासा. त्यावर चार्जिंगचं सर्किट असतं आणि हा सेल चार्ज करण्याचा नव्हे. ‘२०१’ छापलेला रेझिस्टर काढून टाका.

प्रश्न (मेलबर्न) : भारतातून आणलेलं यंत्र इथे उलटं दिसतं.

दक्षिण गोलार्धात शुक्ल पक्षाचा चंद्र डावीकडून उजळतो. मोटरची दिशा उलटवा आणि सेन्सर शोधतानाही त्याच नव्या दिशेने जाऊ द्या.