पोरगं म्हणतंय रग्बीत बॅक व्हायचं : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

२०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हापासून सांगली जिल्ह्यातनं या खेळाबद्दल पत्रं यायला लागलीत. त्यातली चार या अंकात घेतोय.

प्रश्न : सर, माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे, गावात कबड्डी खेळायचा, चढाईला चांगला होता. आता पुण्यात कॉलेजला गेलाय आणि तिथं रग्बी खेळायला लागलाय. म्हणतो मी बॅक आहे, यातच करिअर करणार. घरात कुणालाच यातलं काही कळत नाही. बॅक म्हणजे काय आणि हे किती वर्षं चालतं? – एक आई, विटा

उत्तर : ताई, पंधरा जणांच्या रग्बीत १ ते ८ नंबरवाले फॉरवर्ड, म्हणजे रेटारेटी करून बॉल मिळवायचं काम मुख्यतः त्यांचं, आणि ९ ते १५ हे बॅक. ९ स्क्रम-हाफ, १० फ्लाय-हाफ, १२ आणि १३ सेंटर, ११ आणि १४ विंग, सगळ्यात मागं १५ नंबरचा फुलबॅक. मिळालेला बॉल घेऊन पळायचं, किक मारायची, पास द्यायचा, आणि हातानं पास पुढं देता येत नाही, मागं किंवा आडवाच द्यावा लागतो. तुमच्या मुलाला बहुतेक विंगला उभा करत असतील, कारण चढाईवाल्या पोराला हुलकावणी देऊन निसटायची सवय असते.

आता किती वर्षं. साधारण विशीपासून बत्तीस-चौतीसपर्यंत, तेही शरीरानं साथ दिली तर. पण मला वयापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती मुलाला नक्की वाचून दाखवा. नुसत्या पळण्यावर उभं राहिलेलं करिअर मांडीचा स्नायू दोनदा फाटला की डगमगतं, ज्याला पास, किक आणि समोरचा खेळ वाचता येतो तो टिकतो. न्यूझीलंडचा डॅन कार्टर बघा, २००३ ला देशाकडून सुरुवात केली ती १२ नंबरवर, मग १० नंबरचा झाला. २००९ मध्ये फ्रान्सच्या क्लबकडून खेळताना टाचेची शीर तुटली, २०११ चा वर्ल्डकप घरच्या मैदानावर होता तर ऐन स्पर्धेत किकची प्रॅक्टिस करताना जांघेत दुखापत झाली आणि फायनल बाहेर बसून बघावी लागली. माणूस तिथंच संपला असता. पण २०१५ च्या फायनलला तेहतिसाव्या वर्षी मैदानात होता आणि संघाच्या ३४ पैकी १९ गुण एकट्याने केले, नंतर फ्रान्स आणि जपानमध्येही खेळला. ११२ कसोटीत, म्हणजे देशाकडून खेळलेल्या सामन्यांत, १५९८ गुण, हा विक्रम काय नुसत्या वेगाचा नाही हो. इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनचं पण तसंच, २००३ च्या फायनलला शेवटच्या मिनिटात ड्रॉप गोल (बॉल जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून किक मारणं) मारला तो उजव्या पायाने, म्हणजे त्याच्या कच्च्या पायाने! त्यानंतर एकामागून एक दुखापती, तीन वर्षांहून जास्त काळ देशाकडून एक मॅच नाही, आणि तरी पुढं फ्रान्सच्या तुलाँकडून २०१३ आणि २०१४ ला युरोपचा कप जिंकला.

म्हणून मुलाला सांगा, रोज दोन्ही पायांनी किक आणि दोन्ही बाजूंना पास, आणि विंगबरोबर फुलबॅकलाही खेळून बघ. आणि कॉलेज सोडायचं नाही, ते चालूच ठेवायचं.

प्रश्न : माझी उंची पाच फूट सात इंच. सगळे म्हणतात रग्बीला धिप्पाड माणूस लागतो. सोडून देऊ का? – एक खेळाडू, तासगाव

उत्तर : अजिबात नको! वेल्सचा शेन विल्यम्स तुझ्याएवढाच, विंगला खेळून देशाकडून ५८ ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं) केल्या आणि २००८ ला जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दक्षिण आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बेही बुटकाच, २०१९ च्या वर्ल्डकप फायनलला ट्राय मारून आला. जोना लोमूसारखा साडेसहा फुटाजवळचा विंगरही होऊन गेला, १९९५ च्या सेमीफायनलला इंग्लंडवर चार ट्राय, पण मूत्रपिंडाच्या आजाराने त्यालाही ऐन भरात गाठलं. टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडणं, मात्र पक्का कर, छोट्या बॅकवर समोरचे मुद्दाम चाल करून येतात.

प्रश्न : यात पैसा आहे का, खरं सांगा. – एक वडील, मिरज

उत्तर : दादा, पंधरा जणांच्या रग्बीत १९९५ पर्यंत पैसे घेणंच नियमाबाहेर होतं, त्यानंतर हा खेळ व्यावसायिक झाला. फ्रान्स, इंग्लंड, जपान, न्यूझीलंड इथं पगारी क्लब आहेत, पण तिथंही शाश्वती नाही, इंग्लंडमध्ये २०२२ ला वूस्टर आणि वॉस्प्स, २०२३ ला लंडन आयरिश हे क्लब पैशाअभावी कोसळले आणि करार हातात असलेले खेळाडू रस्त्यावर आले. आपल्याकडची लीग सात जणांच्या रग्बीची, काही आठवड्यांची, त्यावर वर्षाचं घर चालत नाही. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठला खेळ आणि कुठल्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं ते जीआर काढून स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. मी तरी आज सांगलीतल्या कुठल्या बापाला फक्त रग्बीवर पोराचं आयुष्य लाव असं सांगणार नाही, डिग्री आणि खेळ दोन्ही.

प्रश्न : मी सेंटरला खेळते. बुधवारी टॅकल करताना डोकं आपटलं, अजून दुखतंय आणि उजेड सहन होत नाही. रविवारी मॅच आहे, घरी सांगितलं तर बंद करतील. – बारावीची विद्यार्थिनी, शिराळा

उत्तर : बाळा, रविवारी खेळायचं नाही, आणि हा अंक वाचलास की लगेच आईला सांग आणि डॉक्टरकडे जा. ही मेंदूला बसलेल्या धक्क्याची लक्षणं असू शकतात. उलट्या झाल्या, झोप अनावर झाली, बोलताना अडखळायला लागलीस किंवा डोकेदुखी वाढत गेली तर थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी. पहिला धक्का बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. मोठ्या सामन्यांत डोक्याला लागल्याचा संशय आला की खेळाडूला बाहेर काढून तपासतात, आणि इंग्लंड-वेल्सचे कितीतरी माजी खेळाडू ऐन चाळिशीत स्मृतिभ्रंशाला तोंड देतायत, संघटनांवर कोर्टात गेलेत. घरचे ओरडतील, ओरडू देत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी चालणं, मग पळणं, धडक सगळ्यात शेवटी. आणि परत टॅकल करशील तेव्हा डोकं समोरचीच्या पुढून आडवं घालू नकोस, तिच्या कमरेच्या मागच्या बाजूला ठेव, खांदा आधी लागला पाहिजे. कोचला हे हळू चालत्या स्पीडने आधी करून दाखवायला सांग.