हेवी लायसन महिन्यात मिळतं का?

प्रश्न: दादा नमस्कार, मी मोहोळ तालुक्यातला, बारावी झालीय, मागच्या महिन्यात २० पूर्ण झाली. कारचं लायसन काढून चार महिने झाले. मला ट्रकवरच जायचंय. आमच्याकडचा एक एजंट म्हणतो पैसे दे, महिन्यात हेवी हातात देतो. घरचे म्हणतात थांब. काय करू?

उत्तर: घरच्यांचं ऐक, पण थांब म्हणजे घरी बस असं नाही. ट्रकसाठी वय २० लागतं, ते तुझं झालंय, पण हेवीचं लर्निंग काढायच्या आधी कारचं लायसन निघून एक वर्ष झालेलं असावं लागतं, आणि तुझे झालेत चार महिने. मग एजंट महिन्यात देणार काय? एकतर पैसे घेऊन तारखा देत बसेल, नाहीतर असला कागद देईल की उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला तोच उचलून बघतील. शिक्षणाचं टेन्शन घेऊ नको, आठवी पासची अट २०१९ ला गेलीय.

हे आठ महिने पिकअप धर. एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी कारच्या लायसनवर चालते (केमिकल-गॅस सोडून), सुप्रीम कोर्टाने २०१७ ला तसं म्हटलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम ठेवलं. छोटा हत्ती म्हणून हसतात लोक, पण ताडपत्री आणि रस्सा बांधणं, बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल (माल नेतानाचा जीएसटीचा कागद), वजनकाटा, वाराई म्हणजे माल उतरवायचे पैसे कोण देणार यावरची रोजची वादावादी आणि बाजार समितीच्या गर्दीत गाडी रिव्हर्स लावणं हे सगळं तिच्यावरच शिकतो माणूस.

वर्ष झालं की सारथी या सरकारी लायसन पोर्टलवर हेवीचं लर्निंग, सोबत डॉक्टरचा फॉर्म १अ (तब्येतीचा दाखला), मग मान्यताप्राप्त स्कूलमध्ये ट्रेनिंग आणि त्यांचा फॉर्म ५ (ट्रेनिंगचा दाखला), लर्निंगनंतर ३० दिवसांनी टेस्ट देता येते. जवळच्या स्कूलचा ट्रक खटारा असेल तर पुण्याला भोसरीत नाशिक फाट्याजवळ सीआयआरटी या रस्ते वाहतुकीच्या संस्थेचं ड्रायव्हिंग ट्रेनिंग सेंटर आहे तिथे चौकशी कर.

पण स्कूलमध्ये गाडी रिकामी असते, आणि खरं काम भरलेल्या गाडीचं. खंडाळ्याच्या घाटात वीस-पंचवीस टन माल घेऊन उतरताना नवीन पोरगा सारखा ब्रेक दाबत बसतो, ब्रेकचे लायनर तापतात, वास यायला लागतो आणि खाली खोपोली दिसायच्या वेळेला पॅडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. म्हणून जुने लोक सांगतात, ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरव, वेग इंजिनाने आणि एक्झॉस्ट ब्रेकने (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करतो तो) धर, पायातला ब्रेक मधूनमधून. डिझेल वाचतंय म्हणून उतारावर न्यूट्रल करणारा उस्ताद (शिकवणारा जुना ड्रायव्हर) मिळाला तर दुसरा उस्ताद बघ, कारण त्याची सवय तुलाच लागणार. सकाळी निघायच्या आधी ब्रेकच्या हवेचं प्रेशर भरू दे, टामीने (लोखंडी दांड्याने) सगळे टायर ठोकून बघ, आवाज बद्द आला की हवा कमी, आणि मागच्या जोडटायरमध्ये दगड अडकलाय का ते वाकून बघ. तो दगड स्पीडला उडाला तर मागच्या बाईकवाल्याचं काही खरं नाही.

पहिली नोकरी पगार बघून घेऊ नको. फक्त ट्रिपवर पैसे असले की माणूस झोप विकतो, पहाटे तीन ते पाच या वेळेत डोळा लागून किती गाड्या दुभाजकावर जातात ते हायवेवरच्या कुठल्याही ढाबेवाल्याला विचार. कायद्यात दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलंय, रस्त्यावर ते कोण पाळतं हा वेगळा विषय, पण दोन ड्रायव्हर देणारा मालक असतो, तो शोध. चलान कोणाच्या खिशातून, काच फुटली तर पगारातून कापणार का, भत्ता रोज की महिन्याला, हे आधीच बोलून घे आणि व्हॉट्सअपवर लिहून घे. आणि ओव्हरलोडला नाही म्हणायला शीक. दहा टायरच्या ट्रकची मर्यादा गाडी धरून साडेअठ्ठावीस टन, त्याच्या वर पकडली तर दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, अशा वेळेला बऱ्याच मालकांचा फोन लागत नाही.

प्रश्न: माझा भाऊ दहा टायर चालवतो, आता गॅस टँकरची ऑफर आलीय, पगार चांगला आहे. वेगळं लायसन लागतं का? मला भीती वाटते.

उत्तर: ताई, लायसन तेच, पण त्यावर धोकादायक मालाची नोंद लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत ३ दिवसांचं ट्रेनिंग करावं लागतं. साधं हेवी ५ वर्षं चालतं, ही नोंद ३ वर्षं, नंतर रिफ्रेशर. भीतीचं म्हणाल तर अर्धा भरलेला टँकर वळणावर आतल्या मालाच्या हेलकाव्याने आडवा होतो, हे दहा टायरवाल्याला नवीन असतं, तेव्हा सुरुवातीला जुन्या ड्रायव्हरसोबत पाठवणार का हे त्याला मालकाला विचारायला सांगा. ट्रेनिंगची फी मालकाने भरायला हवी असं माझं मत, बरेच जण भरतातही, फक्त सर्टिफिकेट क्लास न करता घरपोच आणून देतो म्हणाला तर तिथे पाठवू नका.